बाकीचे छर्रे

माझ्या लग्नाची पत्रिका माझ्या सासऱ्यांनी बंदुकीत घालून उडवली. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग माझ्याकडे नीट बघतो आणि हळूच विचारतो, मानपानावरून काही झालं होतं का? काही झालं नव्हतं. लग्न झोकात झालं होतं, सासरे खुशीत होते आणि पत्रिकेचा कागद जाड होता. कारण एवढंच.

मी कोल्हापुरात, पेठेत वाढले. वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. गळ्यात लिंग बांधलेली आमची माणसं, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षी मला कागलच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात दिलं. तीही आमच्यातलीच माणसं. ऊस, भुईमूग, दोन म्हशी, बोलायला मराठी आणि भांडायला कानडी. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत आणि सासूबाईंना अव्वा. दोघांचं बिनसलं की ते कानडीत शिरत, कारण शहरातून आलेल्या सुनेला कानडी कळत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. पहिलं वर्षभर ती खरी होती. पुढे मला सगळं कळायला लागलं, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही. सुनेला घरात तेवढी एक तरी सोय हवी.

लग्नाला महिना झाला नसेल. सकाळी चहा घेऊन सोप्यात गेले तर अप्पा पूजा आटोपून बसलेले. कपाळावर विभूतीचे पट्टे अजून ओले, अंगात बंडी आणि पुढ्यात धान्य पाखडायचं सूप. सुपात मला काळी मिरी दिसली.

"अप्पा, एवढी मिरी कशाला ओ काढलीत?"

"मिरी न्हवं ती. छर्रं हायत. शिशाचं."

मग मी आजूबाजूला पाहिलं. चटईवर पितळेची रिकामी काडतुसं ओळीनं उभी होती. शेजारी मेणबत्ती, कातरी, एक गुळगुळीत लाकडी दांडकं आणि आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. सासरे त्यातली एक पत्रिका घेऊन निवांत कापत होते. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. खुंटीला बंदूक आहे हे मी पाहिलं होतं, पण ती नुसती शोभेची, जुन्या घरात असते तशी असेल असं मी धरून चालले होते. लिंगायताच्या घरात बंदूक, ती चालू, आणि तिच्यात घालायला माझी पत्रिका!

"ह्यात आमची नावं हायत, अप्पा," मी कशीबशी म्हणाले.

"नावं काढून ठेवल्यात की," असं म्हणून त्यांनी एक पत्र्याचा डबा दाखवला. आत वीतभर कात्रणं होती. गणपतीची चित्रं, जोतिबाचा घोडा, 'अंबाबाई प्रसन्न' अशा ओळी, आणि गावातल्या किती तरी नवरा-नवरींची नावं. देवाला बंदुकीत घालायचं नाही हा अप्पांचा नियम. नावं घालायची नाहीत हा अव्वांचा. तो डबा भरला की अप्पा तो नदीत सोडून यायचे. देव आणि माणसं अशी बाजूला काढल्यावर पत्रिकेत जे उरायचं ते मात्र सगळं काडतुसात जायचं. म्हणजे 'कृपया आहेर आणू नये', 'भोजन अक्षतांनंतर' आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'

गावात कुणाचंही लग्न झालं की उरलेल्या पत्रिका आमच्याकडे यायच्या. द्यायला येणारा हसायचा नाही. रद्दी द्यावी तितक्या सहज देऊन जायचा. मला वाटतं, त्या गावात ह्या गोष्टीनं दचकणारी मी पहिलीच असेन.

बंदूक अप्पांच्या वडिलांच्या वेळची, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर घेतलेली. उसात आणि भुईमुगात रानडुकरं घुसायची. आजूबाजूची शेतकरी मंडळी डुक्कर मारायची आणि खायचीही, त्यांचा प्रश्न मिटला. आमच्या घरानं करायचं काय? मारायचं तर पाप, न मारावं तर एका रात्रीत अर्धा एकर लोळवलेला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ह्यातून अप्पांनी स्वतःच्या डोक्यानं एक वाट काढली होती, आणि ती समजावून सांगताना त्यांचा चेहरा शाळामास्तरासारखा व्हायचा.

"दुकानातलं काडतूस कसं जातंय?" असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर मूठ आवळली. "आसं. सगळं छर्रं एका जागी. बसलं की जनावर गेलं. आपल्याला मारायचं न्हाय. आपल्याला आसं पायजे." मग त्यांनी बोटं फाकवून पंजा उघडला. "चापट. अंगाला दोन छर्रं लागलं, बाभळीचा काटा टोचल्यागत झालं, की पुन्हा हिकडं फिरकत न्हाय."

म्हणून पत्रिकेच्या पट्ट्यांची फुली. ती काडतुसात उभी राहायची, तिच्या चार घरांत छर्रे भरायचे, म्हणजे बाहेर पडल्यावर ते एकमेकांना धरून राहत नाहीत, फाकतात. वरून गोल चकती आणि मेण. दारू भरायची वेळ आली की ते सगळ्यांना सोप्यातून बाहेर काढत आणि मेणबत्ती विझवत. घरी असं काडतूस भरायला सरकारची परवानगी लागते का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी नवीन भरलेलं काडतूस तपासलं. तपासायची रीत अशी की परसाच्या पलीकडे, मातीच्या पडक्या बांधाच्या, तालीच्या, पुढ्यात दोन बांबूंना आपलं जुनं धोतर ताणून बांधायचं आणि लांबून त्याच्यावर बार टाकायचा. आवाजानं माझ्या कानठळ्या बसल्या आणि शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. मी जाऊन पाहिलं तर धोतरभर भोकं, एकमेकांपासून लांब लांब. अप्पांनी धोतर अंगणात आणून अव्वांपुढे पसरलं.

"बघ. ह्यात डुक्कर कुठं धरायचं ते धर. दोन लागतील, लई तर तीन."

अव्वा शेंगा फोडत होत्या. बुटकी, काटक बाई, बोलायला लागली की कुऱ्हाड. त्यांनी धोतराकडे पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"डुकराला दोन लागली. आणि बाकीची कुठं जात्यात?"

"बाकीची?" अप्पा म्हणाले. "जात्यात की हवंत."

"हवंत कुठं?"

"हवंत म्हंजे हवंत! रिकाम्या रानात जात्यात. तिथं कोण बसलंय?"

अव्वांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. त्यांना ती बंदूक घरात नकोच होती, लग्न होऊन आल्यापासून नको होती. खुंटीच्या खाली त्या कधी पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवत नसत. पण अप्पांपुढे त्यांचं चालायचं नाही, कारण अप्पांचा त्या बंदुकीवर जीव होता, आणि त्याहून जास्त जीव एका वाक्यावर होता. घरी कुणी पाव्हणा आला, खुंटीकडे बघून थबकला, की अप्पा ते वाक्य म्हणायचेच. "ह्या बंदुकीनं अजून मुंगी मेली न्हाय, पावणं."

मला ते सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं. मग सवयीनं खरं वाटायला लागलं आणि चार-पाच वर्षांत मीही माहेरी गेले की ते मिरवून सांगायला लागले. माझ्या भावाला तर मी अभिमानानं सांगितलं होतं की आमच्याकडे बंदुकीलासुद्धा दीक्षा दिलेली आहे.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, त्या वर्षी ओढ्याकडचा ऊस सगळ्यात शेवटी तुटत होता. ज्यांनी ऊसतोड पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. तोडकरी फडाच्या सगळ्या बाजूंनी आत आत येतात. दिवसभर उसातली जनावरं मागे सरत सरत मधे गोळा होतात. शेवटी खोलीएवढा, मग चुलीपुढच्या जागेएवढा पट्टा उरतो आणि त्यातून एकदम ससे, मुंगसं, कोल्हा, डुक्कर, जे असेल ते जीव घेऊन बाहेर उसळतं. त्या घटकेला गावातली रिकामी माणसं कुत्री घेऊन, काठ्या घेऊन हजर असतात. आणि आमच्या फडावर अप्पा बंदूक घेऊन. डुक्कर माणसांवर न जाता ओढ्याकडे वळावं, कुणाला फाडू नये आणि कुणी त्याला मारूही नये, म्हणून ते बांधावर उभे राहत.

शेवटची मोळी तुटली की तिला हळदीकुंकू लावून नारळ फोडायचा आणि तोडकऱ्यांना गोड जेवण घालायचं, ही अव्वांची पद्धत. पुरणपोळीची बुट्टी त्यांच्या डोक्यावर आणि पाण्याची कळशी माझ्या कमरेवर, अशा आम्ही दोघी निघालो. नेहमीची वाट मळ्याच्या वरच्या अंगानं जायची. तिथं उसाचा ट्रॅक्टर रुतला होता, दोन्ही ट्रॉल्या आडव्या. अव्वा म्हणाल्या, "चल, ओढ्याच्या कडंनं जाऊ." आम्ही वळलो. एवढ्या साध्या गोष्टीनं वळलो.

ओढ्याच्या कडेनं बांधाला निर्गुडीची झुडपं होती. पलीकडे माणसांचा गलका ऐकू येत होता, कुत्री भुंकत होती. अव्वा माझ्या पुढे चार पावलं. मी त्यांना विचारत होते की पोळ्या पुरतील का, आणि त्या म्हणत होत्या, "न पुरायला काय झालं? तू एकटीच चार खातीस."

बार झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी दचकले पण घाबरले नाही. झुडपात पावसाचे चार थेंब पडल्यासारखं काहीतरी सळसळलं. आणि अव्वा खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. डोक्यावरची बुट्टी दोन्ही हातांनी उतरवली, नीट जमिनीवर ठेवली आणि मग डावा हात डोळ्यावर नेला.

"अव्वा, काय झालं ओ?"

"काटा गेला बघ डोळ्यात," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोटांमधून रक्त आलं. मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि लुगड्यावर ठिबकायला लागलं. दंडावर पोलक्याला बारीक बारीक भोकं होती आणि प्रत्येक भोकाभोवती लाल ठिपका मोठा होत चालला होता. तशी भोकं मी धोतरावर पाहिली होती. कळशी कधी हातातून सुटली तेही मला आठवत नाही. आजही त्या क्षणाशी आले की माझं डोकं तिथंच थांबतं, पुढे जायला तयार होत नाही. बंदुकीनं मुंगी मरत नाही ह्यावर माझा इतका विश्वास बसला होता की समोर रक्त दिसत असताना मी खाली वाकून बाभळीचा काटा शोधत होते.

झुडपाच्या पलीकडून अप्पांचा खुशीतला आवाज आला. "गेलं! ओढ्यात गेलं! काय झालं न्हाय त्येला!"

मग मी ओरडले.

जीपमधून कोल्हापूरला जाताना अव्वांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अप्पा समोरच्या फळीवर बसले होते, बंडीवर चिखल, पायात एकच चप्पल. ते रडत नव्हते. ते एकच वाक्य म्हणत होते. "पसरलं होतं की. चांगलं पसरलं होतं. कसं लागलं?" कागल गेलं, हायवे लागला, तरी तेच. शेवटी अव्वा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "पसरलं म्हणूनच लागलं. गप बसा आता." अप्पा त्यानंतर जे गप बसले ते गप बसले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दंडातले काही छर्रे काढले, काही तसेच ठेवले. ते काढायला गेलं तर इजा जास्त होईल, राहिले तर राहू देत, म्हणाले. डोळ्याबद्दल मात्र त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला नेलं. नवऱ्यानं परत येऊन मला सांगितलं. डावा डोळा जागेवर राहील, पण त्यातून दिसणार नाही. छर्रा एकच होता. धोतराच्या अगदी काठावर एखादं भोक पाडतो, तसला.

बंदुकीची जखम म्हटल्यावर पोलीस येणारच. ते यायच्या आधी गावाकडची शहाणी मंडळी जमली होती. नवरा अव्वांच्या कानाशी बसून समजावत होता. "अव्वा, तू काय सांगू नगंस. पडली म्हण. काटेरी कुंपणावर पडली म्हण. न्हायतर अप्पास्नी आत घालतील." एक शेजारी म्हणाला, डुकरं मारणाऱ्या पोरांच्या बंदुकीतलं लागलं म्हणा, पोरं कोण ते दिसलं न्हाय म्हणा. अव्वा डोळ्यावर पट्टी, हाताला सलाईन, सगळं ऐकून घेत होत्या. अप्पा दाराबाहेर व्हरांड्यात, जमिनीवर बसले होते. मला वाटलं, ह्या बाईनं जन्मभर नवऱ्याला सांभाळलंय, आताही सांभाळणार.

जबाब घ्यायला आलेला पोलीस वयानं बराच होता, बोलायला मऊ. स्टूल ओढून बसला. "आजी, काय झालं सांगा. कशानं लागलं?"

"बंदुकीनं."

"कुणी मारली?"

"मालकांनी."

"कोण मालक?"

"माझं मालक. हे काय, भायेर बसल्यात."

नवऱ्यानं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. पोलिसाचं पेन थांबलं. त्यानं एकदा व्हरांड्याकडे पाहिलं, एकदा अव्वांकडे.

"मुद्दाम मारली, आजी?"

"मुद्दाम कशापायी मारतील? माझ्याबिगर त्यास्नी भाकरी मिळत न्हाय. डुकराला घातली, मला लागली. पण घातली त्यांनीच. लिवा."

"लिहितो."

"आणि आणखी एक लिवा. ती बंदूक तुमच्याकडं ठेवून घ्या. परत देऊ नगा. मागायला आलं तर म्हणावं, बायकूचा दुसरा डोळा घेऊन या."

पोलिसानं हे शेवटचं लिहिलं की नाही मला माहीत नाही. पण बंदूक गेली ती परत आली नाही. चौकशी झाली, हेलपाटे झाले, अव्वांनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. अपघात म्हणून प्रकरण निवळलं आणि परवाना रद्द झाला. गावातल्या बायका मला विचारायच्या, सख्ख्या नवऱ्याचं नाव घेतलं गं तुझ्या सासूनं? मीही हादरलेलीच होते. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचा राग आला होता. अप्पा उभ्या उभ्या वाळत चालले होते, आणि ही बाई खुंटी उपटून तिथलं भोक शेणानं लिंपून घेत होती.

अव्वा घरी आल्यावर सगळ्यात जड गेलं ते पूजेला. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघत बसायचं असतं. ध्यान म्हणजे ते बघणंच. अव्वा बसायच्या, तळहात समोर धरायच्या, आणि लिंग त्यांना जिथं वाटायचं तिथं नसायचं. फूल वाहायला जावं तर ते बोटाभर अलीकडे पडायचं. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. अप्पांनीही पाहिलं. ते उठून शेतात गेले.

मग ते रोजच शेतात जायला लागले. ऊस तुटून गेलेला, फडात नुसता पाला. तिथं काही काम नव्हतं. एकदा मी डबा घेऊन गेले तर अप्पा गुडघ्यांवर बसून बांधावरचा पाला हातानं बाजूला करत होते. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. जवळ गेले तर त्यांच्या पुढ्यात कागदाचे जळके तुकडे होते, बार टाकला तेव्हा बंदुकीतून पडलेले. एकावर अजून 'यायचं हं' एवढं वाचता येत होतं. त्या तुकड्यांवरून ते आपण नेमके कुठं उभे होतो ते शोधत होते. तिथं त्यांनी एक काठी रोवली. डुक्कर ओढ्यात उतरलं तिथली दरड ढासळली होती, तिथं दुसरी. आणि अव्वांनी बुट्टी ठेवली होती तिथं तिसरी.

मी त्या तीन काठ्यांकडे पाहिलं. ही तिसरी काठी केवढी बाजूला होती! डुक्कर एकीकडे गेलं होतं आणि अव्वा पार दुसरीकडे होत्या. डबा तसाच घेऊन अप्पा घराकडे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे.

घरी अव्वा संध्याकाळच्या पूजेला बसल्या होत्या. मी सोप्याच्या कोपऱ्यात तांदूळ निवडायला घेतले. अप्पा आले ते हातपाय न धुता उंबऱ्यावर बसले आणि कानडीत बोलू लागले. दवाखान्यानंतर एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. मी मान खाली घातली आणि नेहमीसारखी कानडी न कळणारी सून झाले.

"मी मोजून आलो," ते म्हणाले. "तू डुकराच्या लाईनीत नव्हतीस. लई लांब होतीस. दुकानातलं साधं काडतूस असतं तर सगळं छर्रं डुकराबरोबर गेलं असतं. तुझ्याकडं एक आला नसता. मी पसरवलं, म्हणून तुझ्यापर्यंत आलं."

अव्वांनी तळहातावरची नजर काढली नाही. "साधं असतं तर डुक्कर मेलं असतं."

"मेलं असतं."

"तुमच्या हातानं."

"माझ्या हातानं."

"मग? तसं व्हायला पायजे होतं व्हय?"

ह्या प्रश्नाला अप्पा काय म्हणणार ते मला माहीत होतं. ज्या माणसानं धोतरं फाडून घेतली, गावभरच्या लग्नांच्या पत्रिका कापल्या, उभा ऊस लोळू दिला, आणि हे सगळं एक जीव वाचावा म्हणून केलं, तो काय म्हणेल हे काय सांगायला हवं? शिव शिवा म्हणेल, कानाला हात लावील, नशिबाचा भोग म्हणेल. मी तांदळातला खडा उचलला आणि वाट बघत राहिले.

"हौद," अप्पा म्हणाले. "अद सायबेकित्त."

व्हय. ते मरायला पायजे होतं.

गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले. बार झाला तेव्हा जेवढी हादरले नव्हते, अव्वांच्या जबाबानं जेवढी हादरले नव्हते, तेवढी त्या तीन शब्दांनी हादरले. त्यांचा सगळा जन्म 'मुंगी मेली न्हाय' ह्या एका वाक्यावर उभा होता आणि तो त्यांनी अव्वांच्या पुढ्यात आणून ठेवला, त्यांच्या एका डोळ्यासाठी.

मग अव्वांनी तळहातावरचं लिंग वस्त्रात बांधलं, गळ्यात घातलं, आणि दिसणाऱ्या डोळ्यानं एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

"हळू बोला," त्या अप्पांना कानडीत म्हणाल्या. "सुनेला कळंल. माणसांत तुमची ती मुंगीची गोष्ट आहे तशी राहू दे."

मी मान वर केली नाही. ज्या सुपात कधी काळी शिशाचे छर्रे पाहिले होते त्याच सुपात मी तांदूळ निवडत होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी तांदळावर पडत होतं आणि मला एकही खडा दिसत नव्हता. अव्वा उठल्या आणि मोठ्यानं, मराठीत, मला म्हणाल्या, "अगं ए, त्यास्नी जेवायला वाढ. सकाळपास्नं उपाशी हायत."